बरे न झालेल्या पेशंटांचा रविवार

केळकर मॅडम गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मी धायरीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये एका आजोबांचा खांदा हलवून घेत होतो. त्यांना म्हटलं, "थांबा हं जरा," आणि बाहेर जाऊन उभा राहिलो... त्याला आता महिना झाला.

मॅडमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक कोथरूडमध्ये. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तिथे आम्ही सात-आठ फिजिओथेरपिस्ट, हाडांचे दोन सर्जन आणि संधिवाताच्या एक डॉक्टर जमायचो. नियम एकच, बरा न झालेला पेशंट मांडायचा. "बरे झालेले आपापल्या घरी सुखात आहेत. त्यांना इथे कशाला आणता?" मॅडम म्हणायच्या. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. या मंडळींसमोर चूक कबूल केली तर उद्या माझ्याकडे पेशंट कोण पाठवेल, ही धास्ती. म्हणून वर्षभर मी दोष पेशंटवरच ढकलत राहिलो. एकदा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सावंत, सगळे आळशी पेशंट तुमच्याच वाट्याला कसे हो येतात?"

मग शेवंताबाई आल्या. (नाव बदललं आहे, त्यांना विचारूनच लिहितो आहे.) धायरी गावठाणातल्या, कंबरदुखीच्या. सहा आठवडे मी शेक आणि व्यायाम दिले. दुखणं हटेना, वजन उतरायला लागलं, तेव्हा कुठे सर्जनकडे पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. रविवारी मी सांगितलं, "पेशंट उशिरा आल्या."

"पहिल्या दिवशी त्या काय म्हणाल्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

मी हातातला कागद चाळला. मग म्हणालो, "रात्री आडवं पडल्यावरही दुखतं, म्हणाल्या होत्या."

"कागदावर लिहिलंत?"

"नाही..."

मॅडम रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. "आडवं पडूनही न थांबणारं दुखणं नुसतं स्नायूंचं नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. मग उशीर तुमच्याकडून झाला. हे त्यांना सांगायला हवं. मी येते सोबत, पण बोलायचं तुम्ही."

माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या धायरीला आल्या. मी शेवंताबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,

"सांगितलं व्हतं की मी तुला. आता औषधानं बरं व्हईल न्हवं?"

"होईल."

"मंग बस. च्या पिऊन जा." आणि मॅडमकडे वळून, "बाई, तुमचा गुडघा दुखतोय जणू. उंबऱ्यात अवघडलात."

मॅडम हसल्या. "शिका, सावंत. यांनी नुसतं बघून ओळखलं."

शेवंताबाई औषधं पूर्ण करून बऱ्या झाल्या. सर्जनांनी माझ्याकडे पेशंट पाठवणं थांबवलं नाही.

गेल्या रविवारी मॅडमच्या मुलीने क्लिनिक उघडून दिलं. सुरुवात कोणी करायची, सुचेना. शेवटी आमच्यातल्या ज्येष्ठ सर्जनांनी फाइल उघडली. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा पेशंट कधी मांडला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. मॅडमचा तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, तरी ते म्हणाले, "पहिल्या दिवशी पेशंट मला म्हणाला होता..."