केसरीनाथचा हवेचा पंजा

केसरीनाथ शिकलेला नव्हता आणि मी शिकलेला होतो. आमच्या ओळखीत जे वाईट झालं ते माझ्या शिकलेपणामुळे झालं, हे आधीच सांगून टाकतो.

तो दिघाशी गावचा. भिवंडीत कापडाचे लूम दुरुस्त करायचा. आमच्या शाळेची पाण्याची मोटर बंद पडली की त्यालाच बोलावत, आणि मी विज्ञान शिकवतो म्हणून तो मोटर उघडून बसला की मला काहीबाही विचारत राही. २००४ साली त्याच्या आक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, लकवा आला. आईच्या माघारी तिनंच याला वाढवलेलं. ती चालायला लागली, बोलणंही सुधारलं, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. डॉक्टर म्हणाले, बोटं रोज ताणून उघडा, सहा-आठ महिन्यांत सैल झाली तर झाली, नाहीतर सांधे कायमचे धरतील. पण कुणी बोटाला हात लावला की आक्का कळवळायची.

"मानसाचा हात नको, सर," केसरीनाथ मला म्हणाला. "हवा लावू. हातमोज्यात बोटाखाली बारीक नळी शिवायची आनि हलूहलू फुगवायची. नळी ताठ जाली का बोट आपसूक उघडंल. फकस्त तसला पातळ रबर पायजे."

कल्पना ऐकून मी थक्क झालो. रबर मी आणतो, असं छाती पुढे काढून सांगितलं. आणि तीन आठवडे काहीच केलं नाही. मग मुंबईहून आणली ती प्रयोगशाळेतली नळी, बोटाइतक्या जाड भिंतीची. फुंकून माझे गाल दुखले, नळी ढिम्म. तोवर त्यानं सायकलची ट्यूब, सलाईनची नळी सगळं करून पाहिलं होतं. जत्रेतले लांबुळके फुगेही आणले, पण ते एकाच जागी टम्म फुगायचे आणि बाकीचे लुळे राहायचे.

एका शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, तो माझ्या घरी आला. पिशवीतून पांढरा हातमोजा काढून त्यानं रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी गोळा दाबला. हातमोज्याची चारही बोटं एकेक करून सरळ झाली. त्यानं लेंग्याच्या नाड्या विणणाऱ्या कारखान्यात जाऊन आतला भरणीचा धागा न घालता पोकळ नाडी विणून घेतली होती आणि तिच्यात तो लांबुळका फुगा ओवला होता. नाडीमुळे फुगा एका जागी फुगत नव्हता, सगळीकडे सारखा ताठ होत होता. महिनाभर मला जमलं नव्हतं ते त्यानं नाडीत जमवलं.

"आत सरकवला कसा एवढा नाजूक फुगा?" मी विचारलं.

"लूमचा तेल लावला. सरसर गेला."

लूमवाल्यांना अडेल तिथे तेल घालायची सवय. पण या तेलानं फुग्याचं रबर चार दिवसांत कुजतं, हे मला ठाऊक होतं. टाल्कम पावडर लाव, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण मला त्याचा हेवा वाटला, दुसरं काही नाही. एकदा फुटू दे, मग येईल विचारायला, असं मनात आलं आणि मी म्हटलं, "छान झालंय."

चार दिवस आक्काची बोटं थोडी थोडी उघडली. पाचव्या दिवशी तिच्या हातातच फुगा फाटकन फुटला. दुसरा झटका आला असं वाटून ती पांढरीफटक पडली. त्यानंतर हातमोजा नुसता दिसला तरी ती हात पदराखाली दडवू लागली. हे मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. केसरीनाथ विचारायला आलाच नाही. पुढे मोटर बिघडली तेव्हा वेगळाच माणूस आला. केसरीनाथ आता फक्त लूमचीच कामं घेतो, म्हणाला.

मी रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. परीक्षा, पेपर, सगळी कारणं होती. आठ महिन्यांनी एसटी धरून दिघाशीला गेलो. आक्का ओटीवर बसली होती, तो खाली पायरीवर. मी बसलोही नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तेल लावल्याचं कळलं होतं, फुटणार हे ठाऊक होतं, तेलाऐवजी पावडर लाव एवढंच सांगायचं होतं, मुद्दाम बोललो नाही.

तो शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे तेलानं फुटला?" त्यानं विचारलं. मग आक्काकडे वळला. त्याचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. "आक्का, आयकलास ना? तेलानं फुटला. मना वाटला, माजा हातच बिगडला. त्याच्यासाठी मी लूम सोडून कशाला हात लावत नव्हतो."

"मंग दुसरा बनव," आक्का म्हणाली. "आता न्हाय घाबरनार मी." आणि तिनं इतके दिवस पदराखाली ठेवलेली मूठ त्याच्यापुढे धरली.

त्यानं ती मांडीवर घेतली आणि करंगळीखाली हळूच अंगठा सरकवला. करंगळी हलली नाही. मग दुसरं बोट, तिसरं. आक्का कळवळली नाही. सांधे धरले होते, एकही बोट आता कळवळण्याइतकंही हलत नव्हतं. तरी तो मान खाली घालून परत करंगळीपासून सुरुवात करत होता आणि मला विचारत होता, "पावडर कंची घ्याची, सर?"