खिडकीचं माप

पडदे शिवणाऱ्या मास्तरांच्या हाती लोक घराची किल्ली डोळे झाकून देत. चाळीस वर्षं परक्यांच्या झोपायच्या खोल्यांत शिडी लावून उभं राहायचं म्हणजे नजर जागेवर हवी, आणि मास्तरांची होती. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चौकट बघायची. आत काय पसरलंय ते बघायचं नाही, बाहेर काय दिसतंय तेही नाही. शिडीवरचा माणूस आंधळाच बरा." मास्तरांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. एकदा समुद्राकाठच्या बंगल्यात तीन दिवस काम करून आले, आणि समुद्र कुठल्या बाजूला होता ते काही त्यांना सांगता येईना. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

बायको डोंगरातली. एका लहानशा डोंगरी गावात वाढलेली. "आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिखर दिसायचं," हे वाक्य लग्नानंतर तिने किती वेळा उच्चारलं, त्याला गणती नाही. मुलीची वेणी घालताना, दुधावर लक्ष ठेवताना, शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे बघत भांडी घासताना. पुढे वडील गेले, भावाने घर विकलं, घेणाऱ्याने ते पाडून तिथे दुकानाचे गाळे काढले. माहेर म्हणून उरलं ते हे एवढं वाक्य. "आई, आता शिखरालाही पाठ झालं असेल," मुलगी चिडवायची. आई हसायची, पण त्या हसण्यात तिचं लक्ष नसायचं.

स्वतः मास्तरांनी मात्र ते शिखर पाहिलं नव्हतं. सासुरवाडीला एकदाच गेले, तेही सासऱ्यांना पडदे हवे होते म्हणून. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप घेतलं, चहा प्यायले आणि परतले. माप मात्र अजून तोंडपाठ होतं. चार फूट बाय साडेतीन.

गुडघे गेले तसं बायकोने ते वाक्य बोलायचंच सोडून दिलं. इतकी वर्षं ऐकून कान किटले म्हणणाऱ्या मास्तरांना आता घर सुनं सुनं वाटू लागलं. तिने आशा सोडली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दोन खोल्या का होईनात, तिच्या गावात घ्यायच्या, आणि अंथरुणात डोळे उघडले की शिखर समोर दिसलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

घर बघायला ते एकटेच गेले. बायकोला तो वळणावळणाचा रस्ता दोनदा झेपला नसता. गावात त्या दिवशी हाताला हात दिसणार नाही असं धुकं होतं. एजंट भला माणूस होता. तळमजल्याच्या खोल्या दाखवत म्हणाला, "काका, धुकं निवळलं की मग या, नीट बघा. घाई नाही."

पण मास्तर कुठले थांबतात! त्यांनी सवयीने खिशातली टेप काढून खिडकीला लावली, आणि हातच थबकला. चार फूट बाय साडेतीन. दोनदा मोजलं, आडवं आणि उभं. सुतासुताने तेच माप! मास्तरांचे डोळे भरून आले. देवाने जणू तीच खिडकी इथे आणून बसवली होती. बाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि बाहेर बघायची सवय तर नव्हतीच. त्यांनी लगेच हो म्हटलं.

मग पडदा शिवायला घेतला. मास्तरांच्या स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या कापडाचे पडदे, एकाचा रंग दुसऱ्याला मिळत नसे. या खेपेला मात्र त्यांनी नवं निळं कापड आणलं, आतून अस्तर लावलं, एकेक चुणी हाताने बसवली.

दोघं तिथे राहायला गेली तेव्हाही धुकंच होतं. दोन दिवस बायको खिडकीकडे तोंड करून पलंगावर बसून राहिली, पाहुणा यायचा असावा तशी. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना आधी जाग आली. त्यांनी पडदा वीतभर सरकवला. बाहेर लख्ख ऊन होतं. आणि आठ हातांवर शेजारच्या इमारतीची मागची भिंत. तिच्यावरून खाली उतरणारे पाइप.

त्यांनी पडदा सोडला.

"निवळलं का?" बायकोने पडल्यापडल्याच विचारलं.

"नाही. आहे अजून."

असं त्यांनी चार दिवस सांगितलं. पडद्याला अस्तर होतं, उजेड आत येत नव्हता. स्वतःच्या कामाची मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली.

पाचव्या दिवशी दुपारी मास्तरांनी मागच्या दारातल्या दोरीवरून आणून दिलेल्या टॉवेलची बायको पलंगावर घडी घालत बसली होती.

"कडक वाळलाय," ती म्हणाली. "धुक्यात टॉवेल वाळत नाही हो. मी इथलीच आहे." थोड्या वेळाने तिने विचारलं, "भिंत आहे ना समोर? शिखर असतं तर तुम्ही मला पहाटेच हलवून उठवलं असतं."

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "माप तेच होतं गं. तुझ्या स्वयंपाकघराचं."

तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही. मग पदराने नाक पुसून कडाडली, "एवढं मेलं माप घेतलंत, मान वर करायला काय पैसे पडत होते?" तिने टॉवेल बाजूला ठेवला. "जाऊ दे. काठी द्या माझी."

गल्लीच्या वळणापर्यंत साठ पावलं होती. तेवढ्याला ती तीनदा थांबली. वळणावर दगडी कठडा होता, आणि कठड्यापलीकडे दरी. ती कठड्यावर टेकली आणि समोर बघू लागली.

"तेच आहे," ती शेवटी म्हणाली. "मी शिखर बघत बसले की आई मागून ओरडायची, भाजी करपली म्हणून. तेवढा आवाज आता येत नाही."

मास्तर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"दगड टोचतोय," ती जरा वेळाने म्हणाली. "तो पडदा काढा आणि त्याची गादी शिवा मला. भिंतीपुढे कशाला हवंय एवढं चांगलं कापड? रोज येईन मी इथे, गुडघे चालतील तोवर."

मास्तरांनी लगबगीने खिशातून टेप काढली आणि वाकून कठड्याला लावली. तिने त्यांचा हात धरला.

"माप नंतर घ्या," ती म्हणाली. "आधी बघा."

मास्तरांनी टेप गुंडाळली, तिच्याजवळ बसले आणि मान वर केली.