पॅनेलवरच्या कुरडया

मंडळी, आज सकाळी आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत गच्चीवर रक्त सांडलं. कशावरून? कुरडयांवरून!

गच्चीवर एका खासगी कंपनीचं सोलर आहे. वीज ते बनवतात, आमची लिफ्ट आणि पाण्याची मोटर त्यावर चालते. सावली पडली की वीज घटते, म्हणून पॅनेलवर काही ठेवायचं नाही. पण सातव्या मजल्यावरच्या काकूंनी तापलेली काच बघून तिथेच जुनी साडी अंथरून कुरडया घातल्या.

पॅनेल धुणाऱ्या दादाने हाका मारल्या, मग स्वतःच साडी उचलली. चार कुरडया खाली पडल्या. काकूंचा मुलगा लोखंडी दांडा घेऊन धावला. "माझ्या आईच्या वस्तूला हात लावतोस?" पहिला फटका पॅनेलवर, दुसरा दादाच्या डोक्यात. तिसरा मी मध्ये पडून हातावर झेलला. बोटं सुजलीत, तरी टाइप करतोय.

सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपासून एकच चौकशी: "पॅनेल फुटलं का?"

फुटलं ना राव. आणि माणसाचं डोकंही फुटलं, ते कुणी विचारेना!

मी तरी काय मोठा शहाणा? दादाला दवाखान्यात नेलं, तिथे पेशंटचं नाव विचारलं, तर मला सांगता येईना. दोन वर्षं तो आमच्या गच्चीवर येतोय.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे?