मारानं मोडलेली बरगडी

अण्णा आनेकलच्या एका कारखान्यात फिटर होता. आई-वडील गेल्यावर बनशंकरीच्या दोन खोल्यांत तो, वहिनी आणि त्याची धाकटी बहीण म्हणजे मी, असे तिघे राहत होतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला त्याच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली आणि महिन्याभरात पेरूएवढी झाली. तुकडा काढून तपासला तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पाठोपाठ रक्तात एड्सचा विषाणू सापडला. मग वहिनीचं रक्त घेतलं. तिच्यातही तोच.

वहिनी त्याच दिवशी माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ आला. बूट न काढता आत शिरला आणि अण्णाच्या तोंडावर ठोसा मारला. अण्णा पडला. त्यानं हातसुद्धा वर केला नाही. मग लाथा सुरू झाल्या. पोटात, छातीत.

"माझ्या बहिणीला मारलंस तू! आधी तू मर!"

काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुपारी फुटल्यासारखा. शेगडीवरचा तवा उचलून मी त्याच्या तोंडावर हाणला. नाकातून रक्ताची धार लागली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हमसून रडायला लागला. मला अजून एक हाणायचा होता. खरं सांगते, मारताना बरं वाटलं होतं.

"राहू दे गं," अण्णा जमिनीवरूनच म्हणाला. "त्याचं काय चुकलं?"

दोन दिवसांनी तपासण्या सुरू झाल्या. कॅन्सर कुठवर पसरलाय ते आधी ठरवायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर माणसाचा आकार काढला आणि कानडीत समजावलं. गाठी एकाच जागी असतील तर पहिला टप्पा. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन-तीन जागी असतील तर दुसरा, दोन्ही बाजूंना असतील तर तिसरा. यकृत किंवा हाडातला मगज धरला असेल तर चौथा.

"पण यांचं तेवढ्यानं भागत नाही," त्या म्हणाल्या. "अंगात लढायची ताकद किती उरलीय तेही मोजायला लागेल. नाहीतर कॅन्सरच्या आधी आमचं औषधच यांना मारेल."

स्कॅनमध्ये छातीत गाठी दिसल्या, पोटातही दिसल्या. शिवाय डाव्या बाजूची एक बरगडी मोडलेली.

"हाड आजारानं पोखरून मोडलं की मार लागला?" त्यांनी विचारलं.

"न्हाणीत पडलो," अण्णा म्हणाला.

त्यांनी त्याचा शर्ट वर केला. छातीवर बुटाच्या टाचेएवढे काळेनिळे डाग होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लाथा घातल्यात," मी म्हणाले.

"बरं झालं सांगितलंत. तरी मगज बघावाच लागेल."

त्याला कुशीवर वळवलं. मी त्याचे खांदे धरले. कमरेच्या मागच्या हाडात त्यांनी जाड सुई रोवली आणि सगळं वजन टाकून पिळत आत घातली. मोडलेली बरगडी माझ्या हाताखाली होती. अण्णानं टॉवेल दातांत धरला होता. मगज ओढताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा तो लाथा खाताना निघाला नव्हता.

बरगडी मारानंच मोडली होती. पण मगजात कॅन्सर होता. चौथा टप्पा. लढणाऱ्या पेशीही फार थोड्या उरल्या होत्या, म्हणून औषध निम्म्या मात्रेनं द्यायचं ठरलं.

पहिल्या डोसनंतर मानेवरची गाठ विरघळली. त्याच आठवड्यात वहिनी वॉर्डात आली. तिनं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली, एकदा, मग पुन्हा. नर्स धावली. वहिनीनं तिला हातानंच थांबवलं, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "स्वल्प पेज घेणार?"

तो हो म्हणाला. तिनं भरवली.

तिसऱ्या डोसनंतर ताप चढला आणि चार दिवसांत अण्णा गेला. वहिनी त्यानंतर तीन वर्षं माहेरी जगली. तिला भावानंच सांभाळलं, आंघोळ घालण्यापर्यंत. मी भेटायला गेले की तो दार उघडायचा आणि बाहेर निघून जायचा.