मिठाने पुसलेला अंगठा

डहाणूला कचेरीबाहेर अंगठ्याचं मशीन घेऊन बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही. म्हाताऱ्यांचा अंगठा तो आधी आपल्या दोन्ही तळव्यांत धरायचा, डोळे मिटायचा आणि लांबून कुणाला बोलवावं तसं पुटपुटायचा, "येतंय, येतंय, घाई नको." रांगसुद्धा गप्प व्हायची. मला मात्र राग यायचा.

माझ्या बहिणीला चालता येत नाही. डहाणूजवळच्या आगर गावात घराच्या दारात बसून ती मासे खारवते. तिच्या अपंग पेन्शनच्या अर्जासाठी मी तिला दोनदा रिक्षाने नेलं, आणि दोन्ही वेळा मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. तिसऱ्यांदा त्याने मशीन बाजूला ठेवलं आणि तिचा अंगठा चक्क हुंगला.

"ताई, मिठाने रेषा खाल्ल्यात. महिनाभर मिठाला हात लावू नका. परत उगवतील."

"रेषा म्हणजे काय गवत आहे?" मी चिडलो. तो नुसता हसला.

महिन्याने तिला परत नेलं, तेव्हा मशीनवर हिरवा दिवा लागला. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा बारीक रेषा होत्या.

"या रेषा म्हणजे तुम्ही," तो म्हणाला.

पेन्शन सुरू झाली. बहीण अजूनही मासे खारवते, पण उजवा अंगठा वर धरून, चार बोटांनी.