भंगाराच्या पोत्यातलं विमान

माझ्या नवऱ्याला जुन्या प्रवासी विमानांचा नाद आहे. खऱ्या विमानात ते अजून एकदाही बसलेले नाहीत. आम्ही हिंगोलीजवळच्या गोरेगावात राहतो. ते शाळेत विज्ञान शिकवतात, शेत मी पाहते. हळद, सोयाबीन, उन्हाळ्यात थोडा भुईमूग.

त्यांची विमानं खोक्यात सुट्या भागांनी येतात. भाग चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीचं विमान तयार होतं. लढाऊ विमानांचे खोके मिळतात, पण जुन्या प्रवासी विमानांचे साचे कारखान्यांनी कधीच बंद केले, असं ते सांगतात. त्यांना हवं होतं डकोटा. दोन पंख्यांचं, जमिनीवर शेपूट टेकून आणि नाक वर करून उभं राहणारं.

"बसलेल्या कुत्र्यागत दिसून राहिलं," मी फोटो पाहून म्हणाले होते.

"तसंच असतंय ते. तुला काय कळायचं," ते म्हणाले.

चार वर्षं ते शोधत होते. हिंगोलीत, नांदेडला विचारलं, तर दुकानदार रिमोटवालं खेळणं पुढं करायचे. शेवटी मोबाइलवरच्या एका ग्रुपात पुण्याचे एक आजोबा भेटले. वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणी विमानतळावर मेकॅनिक होते, डकोटाची इंजिनं त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलली होती. त्यांच्याकडं एक जुना खोका न उघडता पडून होता. "माझे हात आता थरथरतात, गुरुजी. तुम्ही बनवा आणि मला फोटो दाखवा," असं म्हणून त्यांनी तो पाठवून दिला.

पार्सल हिंगोलीपर्यंत आलं आणि तिथून आमच्या ओळखीच्या जीपवाल्यानं घरी आणून दिलं. नवरा शाळेत होता. खोक्याचा एक कोपरा चेपला होता म्हणून मी उघडून पाहिलं. आत राखाडी प्लास्टिकच्या चार चौकटी होत्या आणि त्यांच्या काड्यांना विमानाचे भाग लटकलेले. वेलाला शेंगा लटकाव्यात तसे. आठ दिवस मी भुईमुगाच्याच शेंगा तोडत होते. हात थांबले नाहीत. यांना आता जवळचं नीट दिसत नाही, तेवढंच काम हलकं होईल, असा विचार केला आणि ओट्यावर बसून सगळे भाग तोडले. भाग खोक्यात भरले. चौकटी मोडून घरामागच्या भंगाराच्या पोत्यात टाकल्या. शेंगा तोडल्यावर वेल कोण सांभाळून ठेवतं?

संध्याकाळी त्यांनी खोका उघडला आणि तसेच बसून राहिले.

"चौकटी कुठंयत?"

"कोणत्या चौकटी?"

"अगं, नंबर चौकटीवर असतेत. कोणता भाग कुठला, ते त्याच्यावरूनच कळतंय. समदे भाग सुटे. काही तर तांदळाएवढे हायेत. असंच आलं का हे?"

"व्हय. असंच आलं," मी म्हणाले.

का म्हणाले, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. चूक झाली की लगेच सांगून मोकळं व्हायचं, हा माझा खाक्या. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि तोंडातून ते निघून गेलं. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. मी खोटं बोलेन, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

त्यांनी आजोबांना कळवलं. रागावून नाही, अदबीनंच: चौकटी राहिल्या वाटतं, सापडल्या तर पाठवा. दुसऱ्या दिवसापासून आजोबांचे आवाजी निरोप यायला लागले. नवरा ते चहा पिताना मोठ्यानं लावायचा. "गुरुजी, कपाटाच्या वर पाहिलं. तिथं नाहीत." "गुरुजी, पलंगाखालच्या पेट्या काढल्या." "खोका मी कधी उघडला, तेच आठवत नाही हो." आणि पाचव्या दिवशी, बारीक आवाजात: "मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या आता काही लक्षात राहत नाही, हा पसारा बंद करा. त्याचं बरोबरच असेल. माझ्याकडचे बाकीचे विमानांचे खोके तो रविवारी कोणाला तरी देऊन टाकणार आहे. तुमचं नुकसान केलं, माफ करा."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. "म्हातारा खचला पार," म्हणाले आणि शाळेत गेले.

तो माणूस पुण्यात पलंगाखाली वाकून शोधत होता, आणि चौकटी माझ्या न्हाणीशेजारी पडल्या होत्या. धुणं वाळत घालायला मी रोज त्या पोत्याला वळसा घालून जात होते.

त्याच सकाळी गल्लीत भंगारवाला आला. आमच्याकडं तो भंगाराच्या बदल्यात लसूण देतो. मी पोतं त्याच्यापुढं ओढलं. खरं सांगायचं तर, सुटले एकदाची, हाच विचार मनात होता. त्यानं काटा लावला, पोतं उचललं, आणि आतून प्लास्टिक कडकड वाजलं.

"थांब. ठेव खाली," मी म्हणाले.

"काहून बाई? लसूण कमी वाटला का? अजून दोन गड्डे घ्या."

"न्हाई द्यायचं."

"आता काट्यावर चढवलं ना बाई! पोत्यात सोनं हाय का काय?"

शेजारची बाई दारात येऊन हसत उभी राहिली. त्या दोघांच्या देखत मी पोतं पालथं केलं आणि तेलाच्या पिशव्या, तुटकी बादली, चपला यांतून चौकटींचे तुकडे वेचले. राखेनं घासून धुतले.

नवरा दुपारी जेवायला आला. ताटाऐवजी मी ते तुकडे पुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन तुकडे उचलून एकमेकांना जुळवून पाहिले.

"मला खोटं बोललीस ते जाऊ दे," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्याला काहून येडं ठरवलंस?"

त्यांनी नंबर लावून मोबाइल माझ्या हातात दिला आणि समोरच बसून राहिले.

"काका, मी गुरुजींच्या घरून बोलते," मी म्हणाले. "चौकटी तुमी बराबर पाठवल्या होत्या. मीच भाग तोडले, अन् चौकटी भंगारात टाकल्या. वरून खोटं बोलले."

आता ते रागावतील, आणि रागावले तर बरं होईल, असं मला वाटत होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "म्हणजे चौकटी खोक्यात होत्या?"

"व्हय. चारही."

"मी विसरलो नव्हतो?"

"न्हाई काका. तुमी काहीच विसरला नव्हता."

"एक मिनिट थांबा," ते म्हणाले. "माझ्या मुलाला बोलावतो. हेच परत एकदा सांगा. त्याला सांगा."

मी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या मुलाला, नवऱ्यासमोर.