अँकोनाच्या टेकडीवर लेक काय म्हणाली

मैत्रिणींनो, पाय सुजलेत, तरी आजचं आजच लिहिते.

मी सध्या लेकीकडं इटलीत आहे. रोम-व्हेनिसला नव्हे, अँकोनाला. समुद्राकाठचं शहर आहे. चाकूरहून निघताना शेजारीण म्हणाली होती, "हे कुठलं गाव? तिथं बघायला काय हाय?" आज कळलं, चढ हाय!

दुपारी लेक मला टेकडीवरच्या जुन्या चर्चला घेऊन गेली. पायऱ्या संपता संपेनात. वर पोचले आणि तिथल्या ओट्यावर बसकणच मारली. खाली बंदर, मोठाली जहाजं, निळंशार पाणी. पण कौतुक करायलाही अंगात जीव नव्हता.

लेक इथं जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. शेजारी बसून म्हणाली, "आई, मी आता परत येणार न्हाई. इथंच राहायचं ठरवलंय."

"हे सांगायला एवढं चढवलंस व्हय गं?"

"घरी सांगितलं असतं तर तू उठून आत गेली असतीस."

खरं होतं ते. तिच्या बाबांनी लातूरचं एक स्थळ बघून ठेवलंय. एरवी मी भांडले असते, रडले असते. पण त्राणच उरलं नव्हतं. "बरं, राहा," एवढंच म्हणाले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोरगी लई रडली.

आता तिच्या बाबांना फोन मलाच करायचाय. मी थकले होते म्हणून हो म्हणाले, की मनापासून? माझं मलाच कळंना. तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता?